प्रतिसाद: समन्स परत पाठवलं तर?

‘समन्स घेतलंच नाही तर वाटपाचा (मिळकतीतल्या हिश्शांचा) दावा अडतो’ असा सल्ला इथे कुणीतरी दिलाय, तो घातक आहे. नकार दिलात तर बेलिफ (समन्स पोचवणारा कोर्टाचा कर्मचारी) समन्स दारावर डकवतो, तसा अहवाल देतो. पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा पोस्टाचा शेरा आला तरी कोर्ट बजावणी झाली, म्हणजे समन्स तुम्हाला पोचलं, असं धरू शकतं. मग एकतर्फी हुकूमनामा (तुमची बाजू न ऐकता दिलेला निकाल), आणि तो रद्द करायला मुदत जेमतेम ३० दिवस!

त्यापेक्षा समन्स घ्या, सोबत दाव्याची नक्कल आहे ना पाहा. कैफियत (दाव्याला तुमचं लेखी उत्तर) ३० दिवसांत द्यायची. कारण पटलं तर कोर्ट ९० पर्यंत वाढवतं. वकीलपत्रावर (वकील नेमल्याच्या कागदावर) सही केली म्हणजे कैफियत दाखल झाली, असं समजून बरेच जण निवांत बसतात. तिथेच ‘नो डब्ल्यू.एस.’ (कैफियत आलीच नाही) असा हुकूम होतो.