मदत हवी आहे: पेन्शन वाढवून घ्यायला अर्ज कुठे करायचा? अर्जंट

डिचोलीकर_भाऊ
नमस्कार मंडळी. आमच्या घरात दोन पेन्शनी येतात आणि दोन्ही कितीतरी वर्षं आहेत तिथंच आहेत. नारळ कुठे पोचला, गॅस कुठे पोचला, औषधांचं तर विचारूच नका. ऑफिसात गेलो तर काउंटरवरचा म्हणतो अर्जबिर्ज काही नसतो, सरकार वाढवेल तेव्हा वाढेल. मग आमच्या शेजाऱ्यांची पेन्शन वर्षातून दोनदा वाढते ती कशी? कोणाकडे फॉर्म असला तर इथे टाका, नुसते सल्ले नकोत.

मापशेचो_पात्रांव
कसली पेन्शन? कोणाची? ऑफिस कुठलं? असं अर्धं लिहिलं तर फॉर्म कसला देणार मरे.

निवृत्त_मास्तर
शेजारी सरकारी नोकरीतले असणार. आमचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलैपासून वाढतो, अर्ज लागत नाही. शिमल्याचं लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांचा महागाई निर्देशांक काढतं त्यावर टक्के ठरतात, जाहीर उशिरा झाला तरी थकबाकीसकट मिळतो. तुमच्या घरचे पेन्शनवाले सरकारी होते का ते आधी लिहा. बाकी आठव्या वेतन आयोगाचं कोणाला काही कळलंय का?

डिचोलीकर_भाऊ
वडील सरकारी नाहीत हो, मायनिंगात होते. एक पेन्शन त्यांची, दुसरी भावाची, तो दिव्यांग आहे.

सत्तरीचो_भुरगो
दुसऱ्या मेसेजात कळलं भाऊ दिव्यांग आहे! सुरुवातीलाच लिहायचं ना.

वेर्ण्याची_बाय
मी कंपनीत पीएफचं काम बघते म्हणून सांगते. मायनिंगवाले म्हणजे ईपीएस-९५, पीएफ खात्याची पेन्शन योजना. त्याला महागाई भत्ता नाहीच. एकदा बसली ती बसली. पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७० असा हिशोब, आणि पगार म्हणजे हातात येणारा नाही, ठरलेली मर्यादा, पूर्वी ६,५०० होती ती सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली. तेव्हाच कमीत कमी पेन्शन १,००० केली, ती अजून तेवढीच. म्हणून काउंटरवरचा म्हणाला त्यात खोटं काही नाही, वाढीचा अर्ज नसतो. पण रक्कम चुकीची बसलीय का हे तपासायचा अर्ज असतो. वडील कधी रिटायर झाले, वय काय होतं, किती मिळतात?

गाडीवाले_काका
हायर पेन्शन भरा, म्हणजे मर्यादेवर नाही तर पूर्ण पगारावरची! सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिलंय. माझ्या साडूने भरलं.

वेर्ण्याची_बाय
काका, ते सगळ्यांना नाही. १ सप्टेंबर २०१४ च्या आधी ऑप्शन न देता जे रिटायर झाले ते त्यात बसत नाहीत, आणि बाकीच्यांचीही मुदत कधीच संपली. उगाच माणसाला पळवू नका.

गाडीवाले_काका
माझ्या साडूचं झालंय एवढंच सांगितलं. मुदत काय, वाढते परत.

पणजीकर_नाका
हे सगळं ठीक, पण आमदारांची पेन्शन कशी वाढते बघा, तिथे एका दिवसात बिल पास. कष्ट केलेल्याला हजार आणि हात वर केलेल्याला लाख. ईपीएसवाले साडेसात हजार आणि वर महागाई भत्ता मागून मागून थकले, दिल्लीत जंतर मंतरवर बसले, काय झालं?

मापशेचो_पात्रांव
नाक्यावरचं भाषण नाक्यावर. भावाचं काय ते बोला. दयानंद, म्हणजे गोवा सरकारची पेन्शन, चालू आहे का?

डिचोलीकर_भाऊ
होय, दयानंद. दोन हजार येतात. सर्टिफिकेटावर अपंगत्व ७५ टक्के आहे. वडील २००७ ला ५८ पुरे करून रिटायर झाले, अकराशे आणि काहीतरी मिळतात.

सत्तरीचो_भुरगो
दयानंदला ९० टक्क्यांच्या वर साडेतीन हजार आहेत. मेडिकल बोर्डात कोणी ओळखीचं असलं तर टक्के वाढवून घ्यायचे, सोपं काम.

आवय_आणि_वकील
असले सल्ले देऊ नका, प्लीज. खोटं सर्टिफिकेट काढणं दिव्यांग हक्क कायद्यात गुन्हा आहे, दंड किंवा कैद, नाहीतर दोन्ही. तब्येत खरंच बिघडली असेल तर मेडिकल बोर्डापुढे पुन्हा तपासणी मागता येते, जुने रिपोर्ट घेऊन जायचं, एवढंच. माझा मुलगा दिव्यांग आहे म्हणून हे सगळं वाचायला लागलं. आता खरा मुद्दा. २०१६ च्या त्याच कायद्याचं कलम २४ सांगतं की अशा योजनेत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त मदत हवी. साठीच्या वरच्या माणसाला दयानंदचे २,००० असतील तर दिव्यांगाला २,५०० च्या खाली कसं चालेल? ह्यावर राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे साध्या कागदावर तक्रार करता येते, फॉर्मच पाहिजे असा हट्ट धरू नका.

निवृत्त_मास्तर
कलमाच्या सुरुवातीलाच आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत असं लिहिलंय, तेही सांगा. सरकार तेच पुढे करेल.

आवय_आणि_वकील
करू दे की. ती मर्यादा योजना आणण्यासाठी आहे मास्तर, एकदा आणल्यावर २५ टक्क्यांची अट वेगळी आहे. निदान मी तसं वाचते. दिव्यांगांच्या पर्पल फेस्टला पैसा आहे, आणि चांगलंच आहे ते, मीही मुलाला घेऊन जाते, पण जल्लोष संपल्यावर महिना काढायचा असतो दोन हजारात.

कुडचडेकार
आंध्रात जुलै २०२४ पासून म्हाताऱ्यांना ४,००० आणि दिव्यांगांना ६,००० केले. आणि आम्ही म्हणे श्रीमंत राज्य.

निवृत्त_मास्तर
आणि कर्ज? फुकट वाटत सुटलं की पुढच्या पिढीने फेडायचं.

कुडचडेकार
तुमचा भत्ता वर्षातून दोनदा वाढतो तेव्हा पुढची पिढी आठवत नाही मास्तर. राजस्थानने २०२३ मध्ये कायदाच केला, पेन्शन वर्षाला १५ टक्के आपोआप वाढणार, जुलैत ५ आणि जानेवारीत १०. पाळतात किती ते जाऊ दे, कागदावर तरी आलं. आमच्याकडे निवडणूक आली तरच आकडा हलतो. आणि केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन बघितली का? ६० ते ७९ वयाला केंद्राचे २०० रुपये. दोनशे! चार नारळ येत नाहीत.

साखळीची_सून
मध्येच विचारते सॉरी, गृह आधारचे पैसे कोणाला आले का? माझे थांबलेत, बँकेत विचारलं तर केवायसी म्हणतात.

मापशेचो_पात्रांव
बाय, त्याला वेगळा धागा काढ.

वेर्ण्याची_बाय
भाऊ, २००७ म्हणालात ना, मग एक महत्त्वाचं. त्यावेळी वडिलांनी कम्युटेशन घेतलं होतं का? म्हणजे पेन्शनचा तिसरा हिस्सा सोडून त्याच्या शंभरपट पैसे एकदम. २६ सप्टेंबर २००८ पासून ते बंद झालं, पण त्याआधी पुष्कळांनी घेतलंय. फेब्रुवारी २०२० मध्ये नियम आला की १५ वर्षं झाली की कापलेला हिस्सा परत जोडायचा. वडिलांचे २०२२ ला पुरे होतात.

डिचोलीकर_भाऊ
थांबा, विचारतो.

डिचोलीकर_भाऊ
बाबा म्हणतात तेव्हा पन्नासेक हजार एकदम मिळाले होते, बहिणीच्या लग्नात गेले. पीएफचे होते की आणखी कसले ते त्यांना आठवत नाही. पेन्शनीचा कागद आईच्या ट्रंकेत आहे.

वेर्ण्याची_बाय
तो कागद म्हणजे पीपीओ, पेन्शन पेमेंट ऑर्डर. त्यावर मूळ पेन्शन आणि कापल्यानंतरची पेन्शन वेगळी लिहिलेली असते. दोन आकडे वेगळे असले तर पासबुकात आता कुठला येतो ते बघा. अजून कापलेलाच येत असेल तर अर्ज करा, मागची थकबाकीसुद्धा मागा. दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफचा निधी आपके निकट कॅम्प असतो, पीपीओ, आधार, पासबुक घेऊन जा आणि अर्जाच्या कॉपीवर शिक्का घ्या. हयातीचा दाखला कधी दिलाय तेही बघा, ईपीएसला नोव्हेंबरच पाहिजे असं नाही, दिलेल्या दिवसापासून वर्षभर चालतो.

गाडीवाले_काका
हेच मी सांगत होतो, कोर्टात गेलं की मिळतं.

वेर्ण्याची_बाय
कोर्टाचा संबंध नाही काका.

आवय_आणि_वकील
कॅम्पात जाताय तर भावाचंही विचारा. ईपीएसमध्ये कायमचं आणि पूर्ण अपंगत्व असलेल्या मुलाला आईवडिलांमागे वयाची अट न लावता पेन्शन मिळते. ७५ टक्क्यांवर पूर्ण मानतात का ते लेखी घ्या, आणि पीपीओवर त्याचं नाव आहे का बघा. नसलं तर वडील आहेत तोवरच घालून घ्या, नंतर फार त्रास होतो.

डिचोलीकर_भाऊ
कागद मिळाला. आकडे दोन आहेत, १,६८० आणि १,१२०. खात्यात ११२०च येतात. भावाचं नाव नाही, आईचं आहे फक्त. २७ ला रविवार आला तर कॅम्प असतो का?

वेर्ण्याची_बाय
सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. बाबांना नेता आलं तर न्या, सहीसाठी परत फेरी नको.