जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकावं की दुसरा घ्यावा? (इंदूर)

लोकमान्यनगरची मावशी:
भाची बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे, सी आणि पायथन सुरू झालंय. बजेट फार तर १५ हजार. घरी जुना लॅपटॉप पडून आहे: ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क, विंडोज १०. सुरू होईपर्यंत चहा होतो. त्यावरच लिनक्स टाकू की सिल्व्हर मॉलमध्ये सेकंडहँड बघू? लिनक्स आम्हा दोघींनाही नवीन आहे.

रामबागकर:
ताई, आत्ता दुसरा घेऊ नका. हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची साटा एसएसडी (त्याच जागी बसणारी, कितीतरी वेगवान डिस्क) बसवा. अर्ध्याहून जास्त रडगाणं त्या डिस्कचंच असतं. स्लॉट असेल तर रॅम ८ करा. मग लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक सोपा प्रकार) टाका, त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. तिला २ जीबीही पुरते, पण ब्राउझर उघडला की ४ सुद्धा कमी वाटते. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट तसाही १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय.

पायथन मिंटमध्ये आधीपासून असतं. सीसाठी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, इंग्रजीत 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल' लिहिलं की जीसीसी हा सीचा कंपायलर येतो. एडिटर म्हणून जीनी घ्या, हलकं आहे.

जुनी_इंदूरकर:
डिस्क बदलण्याआधी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून बघा, काहीही पुसलं जात नाही. वायफाय, आवाज, टचपॅड तपासा. मी हे न करता सेकंडहँड घेतला आणि घरी आल्यावर वायफायच लागेना. ब्रॉडकॉम कंपनीची वायफाय चिप होती. शेवटी मोबाइल केबलने जोडून त्याच्या नेटवर ड्रायव्हर उतरवला. उद्या दुकानातून घ्यायची वेळ आलीच तर पेनड्राइव्ह सोबत न्या आणि तिथेच सुरू करून बघा. पेनड्राइव्ह निवडायला लॅपटॉप सुरू होताना लेनोवो, डेलवर एफ१२ दाबा, एचपीवर एफ९. बायोसला (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड असेल तर तो लॅपटॉप घेऊच नका.

लोकमान्यनगरची मावशी:
दोघांचेही आभार. एक अडचण, कॉलेजात टर्बो सी हा जुना डॉसवरचा कंपायलर वापरतात.

रामबागकर:
डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) टर्बो सी चालतं, परीक्षेपुरती सवय तिथे करू दे. पण शिकताना जीसीसीच वापरायला सांगा. क्लीअरस्क्रीन, गेटसीएच असलेले प्रोग्राम त्यात अडतील, कारण त्यांना लागणारी कोनिओ हेडर फाइल लिनक्सवर नसते. त्या ओळी काढून 'मेन'च्या आधी 'व्हॉइड'ऐवजी 'इंट' लिहिलं की बहुतेक प्रोग्राम चालतात. पहिल्या आठवड्यात ती कंटाळेल, तेव्हा शेजारी बसा.

लोकमान्यनगरची मावशी:
पेनड्राइव्हवरून चालू झालं! वायफायही लागलं. फोटो दुसरीकडे काढून घेते, रविवारी एसएसडी बसवू.