मदत हवी आहे: ड्राय बाल्कनीतलं सिंक पुन्हा पुन्हा तुंबतंय

नमस्कार मंडळी,

तुंबलेलं सिंक मोकळं कसं करायचं हे मला आता चांगलंच जमतं. ते तुंबूच नये म्हणून काय करावं, हे विचारायला आलेय.

आम्ही पुण्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. ड्राय बाल्कनीत एक खोल सिंक आहे, वॉशिंग मशीनचा आउटलेट पाइप त्यातच सोडलाय. ओट्याची फडकी, पायपुसणी, लेकाचे चिखलाने माखलेले बूट, सगळं तिथेच धुतलं जातं. पाणी निम्मं बोअरचं, तोटीवर पांढरा थर चढतो इतकं जड.

जानेवारीपासून हे तिसऱ्यांदा झालं. गेल्या मंगळवारी मशीनने पाणी सोडलं, सिंक भरून वाहिलं आणि लोंढा स्वयंपाकघरात आला. सासूबाई नेमक्या तेव्हाच दार ओलांडत होत्या. पाय सटकला, चौकट हाताला लागली म्हणून वाचल्या. त्यांचं वय 76. तेव्हापासून मशीन लावलं की मी तिथून हलत नाही.

आधी दोनदा प्लंबरदादांनी स्प्रिंग (पाइपात घालून फिरवायची लांब लवचिक तार) मारून दिली. या वेळी बॉटल ट्रॅप, म्हणजे सिंकखालचा पाणी साठून राहणारा बाटलीसारखा भाग, मीच उघडला. खाली बादली ठेवली, रबरी हातमोजे घातले आणि तळाची वाटी फिरवून काढली. केस, भाताची शितं, चहाचा चोथा निघेल असं वाटलं होतं. निघाला तो राखाडी, बुळबुळीत गोळा, मळलेल्या कणकेसारखा घट्ट. चिमटीत धरून ताणला तर लोकरीसारखे धागे सुटायला लागले. नळाखाली धरल्यावर त्यात आमच्या नव्या टॉवेलचा निळा रंग ओळखू आला. म्हणजे मूळ दुखणं कपड्यांची लव. जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो आणि त्यात ती थापली जाते.

खायचा सोडा आणि व्हिनेगर करून झालं. फसफसतं खूप, पण दोन्ही एकमेकांना मारतात, गोळा जागचा हलत नाही. उकळतं पाणी ओतू नका, पीव्हीसी मऊ पडून सांधे ढिले होतात, असं प्लंबरदादा म्हणाले. तुंबलेला पाइप मोकळा करायची कॉस्टिकची पावडर मी एकदा टाकली होती आणि त्यांना सांगायची राहिली. ट्रॅप उघडताना ते पाणी त्यांच्या मनगटावर उडालं. लगेच धुतलं म्हणून भागलं, पण मला अजून वाईट वाटतं. ती पावडर आता घरात आणायची नाही, हे ठरलंय.

तर विचारायचं असं: आउटलेटच्या तोंडाला जुना मोजा बांधला तर मशीनच्या पंपावर ताण येतो का? ट्रॅपच्या पुढे घड्याघड्यांचा लवचिक पाइप आहे, मधेच झोळीसारखा लोंबतो, तो बदलावा का? आणि पावडरऐवजी लिक्विड डिटर्जंटने साका कमी होतो का?

प्रतिसाद

ताई, मोजा आम्ही बांधतो. पायात घालायचा सुती नको, नायलॉनचा पातळ आणि लांब घ्या, वीतभर तरी खाली लोंबता ठेवा. आखूड मोजा लगेच भरतो, मग पाणी मागे दाबतं आणि पंपाला त्रास होतो. ओली लव निघता निघत नाही. मोजा वाळू द्या, उलटा करा, सालीसारखी सुटून येते. टॉवेल आणि चादरी धुतल्यावर मात्र दर वेळी साफ करायचाच.

पण आधी सांगा, मशीन टॉपलोड आहे का? असेल तर ड्रमच्या आत लव अडवायला एक जाळीची पिशवी असते. ती शेवटची कधी पाहिलीत?

प्रतिसाद

लवचिक पाइप आधी काढा. प्रत्येक घडीत गाळ बसतो आणि झोळीत पाणी साचतं, तुम्ही साबण कुठलाही वापरा. साधा गुळगुळीत 40 मिमीचा पीव्हीसी टाका, मीटरमागे साधारण 2 सेंटीमीटर उतार राहील असा. वळणावर फिरकीची टोपी असलेला जोड बसवून घ्या, पुढच्या वेळी स्प्रिंग न मारता तिथूनच हात घालता येतो. कुणी ट्रॅपच काढून टाका म्हणालं तर ऐकू नका. त्यात साचणाऱ्या पाण्यामुळेच गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत.

ॲसिडचं बोलला नाहीत तरी सांगतो. आधी टाकलेल्या कशावरही ते ओतू नका. ब्लीचिंग पावडरशी गाठ पडली तर क्लोरीन वायू होतो, आणि ड्राय बाल्कनी ती केवढीशी.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. मशीन टॉपलोडच आहे. आत्ता जाऊन पिशवी काढून पाहिली. खालच्या शिवणीला अंगठा आरपार जाईल एवढं भोक! किती महिने तशीच चालली असेल कोण जाणे. नवी मागवलीय, तोवर मोजा. पाइपासाठी प्लंबरदादा रविवारी येतायत, या वेळी त्यांना टोपीच्या जोडाचंही सांगते.

लिक्विडचं राहिलंच. बोअरच्या पाण्यावर कुणी पावडर सोडून लिक्विड वापरायला लागलं असेल, तर ट्रॅपमध्ये फरक दिसला का, ते जरूर लिहा.