सहा रविवार वेस्टर्न सिनेमे: क्रम कसा लावावा?

उदगीरकर
लातुरात वाचनालयाच्या हॉलमध्ये सहा रविवार वेस्टर्न, म्हणजे काउबॉयचे सिनेमे, दाखवायचं ठरवायलोत. पडदा १६:९ चा, ८ फूट रुंद. येणाऱ्यांना 'शोले' तोंडपाठ आहे, पण मूळ वेस्टर्न बहुतेकांनी पाहिलेले नाहीत. पहिल्याच दिवशी 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' लावावा का?

बालाघाट
नका लावू भाऊ. त्याचा दिग्दर्शक लिओनेने वेस्टर्नचे जे संकेत मोडले ते आधी पाहिलेले नसतील, तर त्याचा सिनेमा नुसता संथ वाटतो. 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' (१९०३) जेमतेम १२ मिनिटांचा आहे. तो आधी लावा आणि लगेच जॉन फोर्डचा 'स्टेजकोच' (१९३९). त्यात नायक जॉन वेन पहिल्यांदा दिसतो तेव्हा कॅमेरा झपाट्याने त्याच्या चेहऱ्याकडे जातो, मध्ये क्षणभर फोकसही सुटतो. फोर्डने तो शॉट तसाच ठेवला.

मग 'हाय नून' (१९५२) आणि 'रिओ ब्रावो' (१९५९) पाठोपाठच. पहिल्यात मार्शल, म्हणजे गावचा पोलीस अधिकारी, गावभर मदत मागत फिरतो, कोणी येत नाही, शेवटी तो बिल्ला धुळीत टाकून निघून जातो. 'रिओ ब्रावो'चा दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला हे मुळीच पटलं नव्हतं. त्याचा शेरीफ आपणहून आलेली मदतही नाकारतो आणि एक दारुडा, एक लंगडा म्हातारा एवढ्यावर तुरुंग राखतो. 'हाय नून'ला मध्यंतर देऊ नका. सिनेमा ८५ मिनिटांचा, गोष्टही जवळपास तेवढ्याच वेळात घडते. मध्ये दिवे लावले की घड्याळाचा ताण गेलाच.

चौथा 'द सर्चर्स' (१९५६), साल मागेपुढे झालं तरी चालेल. 'स्टेजकोच'मध्ये अपाची आदिवासी फक्त हल्ला करायला येतात; इथे खुद्द नायकाच्या मनातला आदिवासींबद्दलचा द्वेष फोर्ड उघडा पाडतो. पाचवा लिओने, शेवटी 'अनफरगिव्हन' (१९९२). आदल्या रविवारचा नायक ईस्टवुड इथे डुकरांमागे चिखलात पडतो, त्याला घोड्यावर धड चढता येत नाही.

गोदाकाठ
पडद्याचंही बघा दादा. 'स्टेजकोच' आणि 'हाय नून' १.३७:१ (रुंदी:उंची) चे आहेत. तुमच्या पडद्यावर चित्र साधारण ६ फूट २ इंच रुंद येईल, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील. राहू द्या. पडदा भरायला चित्र ताणलं की माणसं बुटकी दिसतात. लिओनेचा २.३५:१, म्हणजे उंची जेमतेम ३ फूट ५ इंच. खिडक्या नीट झाका.

लिओनेच्या सिनेमात ओठ आणि आवाज जुळणार नाहीत. नट आपापल्या भाषेत बोलायचे, आवाज मागाहून भरला जायचा. ऑपरेटरला सिंक हलवू देऊ नका. सबटायटल मात्र तपासा: त्याच्या १६१ आणि साधारण १७९ मिनिटांच्या दोन आवृत्त्या फिरतात. एकीची फाइल दुसरीला लावली, तर पहिल्या वाढीव प्रसंगापासून ओळी चुकत जातात.

किनवटवाला
'रिओ ब्रावो' १४१ मिनिटांचा आहे, रविवारी संध्याकाळी जड जाईल. त्याऐवजी लिओनेनंतर 'द वाइल्ड बंच' (१९६९) घ्या. १९६८ मध्ये पडद्यावर काय दाखवायचं हे ठरवणारी हॉलिवूडची जुनी आचारसंहिता गेली, हा पुढच्याच वर्षीचा. एकाच गोळीबारावर वेगवेगळ्या गतीचे कॅमेरे लावून दिग्दर्शक पेकिन्पाने तुकडे जोडले. 'शोले' पाहिलेल्यांना ते लगेच कळेल. रक्त बरंच आहे, फलकावर 'लहान मुलांना आणू नये' असं लिहा.

बालाघाट
'वाइल्ड बंच' हवाच, पण 'रिओ ब्रावो' काढू नका. त्याच्याशिवाय 'हाय नून'चं भांडण अर्धंच राहतं. सातवा रविवार मागून बघा.