मदत हवी आहे : संत्र्याच्या कोल्डरूममध्ये घरगुती वायफाय सेन्सर की औद्योगिक?

राजेहो, नागपुरात कळमन्याजवळ आमची लहानशी कोल्डरूम आहे. मृग बहाराचा (पावसाळ्याच्या तोंडी फुलणारा) संत्र्याचा माल ठेवतो. तापमान ६ ते ७ अंशांत राहायला पाहिजे. फार खाली गेलं की सालीवर डाग, वर गेलं की संत्रं लवकर बसतं.

घरी गीझरला वायफाय प्लग आहे, मस्त चालतो. त्याच हौसेनं इथंही बाराशेचा वायफाय सेन्सर आणला. दार लावलं की गायब! भिंती पफ पॅनेलच्या, म्हणजे मधे फोम अन् दोन्ही बाजूंनी पत्रा, सिग्नल बाहेर येईल कसा? मग राउटरच दाराशी टांगला. एप्रिलात रात्री लाइन गेली, सोबत राउटरही. मोबाइलवर ६.५ आकडा तसाच गोठलेला, अन् मी निवांत झोपलो. सकाळी आत ११ अंश. बायको म्हणे, गीझर अन् संत्रं यात फरक असते.

आता एक जण औद्योगिक संच सुचवतोय : पीटी-१०० प्रोब (तापमान मोजणारी सळई), आरएस-४८५ वायरिंग (आकडे तारेनं नेणारी जोडणी), सिमवाला गेटवे (आकडे नेटवर पाठवणारा डबा), नेट गेलं तरी नोंदी गेटवेतच साठतात. भाव ऐकून घाम फुटला. मला वाटते, वायर, बॅटरी अन् जागेवर वाजणारा भोंगा एवढं जमलं तरी भागेल. एका खोलीसाठी कोणी असं स्वस्तात बसवलंय का? आणि कंप्रेसरच्या थ्री-फेज केबलशेजारून प्रोबची वायर नेली तर आकडे नाचतात म्हणे. शील्डेड केबल (धातूचं आवरण असलेली) पुरेल, की वाटच वेगळी काढू?