वादळ आणि लाईट जाण्याच्या तयारीसाठी स्वस्तातली पहिली बंदूक: टेक्सासवाल्यांनी सल्ला द्या

केटीकर

नमस्कार मंडळी. ह्युस्टनजवळ केटीमध्ये राहतो, ग्रीनकार्ड आहे, घरात बायको आणि दोन मुलं, मोठा ११ चा आणि धाकटी ६ ची. इथे आल्यापासून हार्वी चक्रीवादळ बघितलं (२०१७, बार्कर रेझर्वायरचं पाणी आमच्या बाजूच्या सबडिव्हिजनमध्ये शिरलं होतं), मग २०२१ च्या फेब्रुवारीतली ती युरीची थंडी, आणि २०२४ च्या जुलैत बेरिल. बेरिलनंतर आमच्याकडे बरेच दिवस लाईट नव्हती, फोनला नीट रेंज नाही, रात्री पूर्ण रस्ता काळोखात, आणि कोणीतरी अनोळखी माणसं टॉर्च घेऊन गॅरेजेसच्या बाजूने फिरतायत असं शेजाऱ्यांच्या ग्रुपवर येत होतं. खरं खोटं माहीत नाही पण त्या रात्री झोप लागली नाही हे नक्की.

पाणी, कोरडं खाणं, औषधं, छोटा जनरेटर हे सगळं आता जमवलंय. पुढची पायरी म्हणून बंदूक घ्यावी का असा विचार चाललाय. आयुष्यात कधी हातात धरलेली नाही, एनसीसीसुद्धा केलं नव्हतं. बजेट सगळं मिळून ६०० डॉलर. इंग्लिश साइट्सवर वाचायला गेलो तर एक जण म्हणतो एआर (ती लष्करी दिसणारी रायफल) घे, दुसरा म्हणतो पाच प्रकारच्या पाच घे, आपल्यासारख्या घराला साजेसं कोणी सांगतच नाही. शॉटगन (छर्‍यांची बंदूक), पॉइंट २२ ची (म्हणजे अगदी बारीक गोळीची) रायफल की पिस्तूल? जुनी घेतली तर चालते का? आणि डिसेंबरात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत, त्याचाही काही संबंध येतो का?

रेंजवाला

केटीकर, डॅलसला बरीच वर्षं आहे, नवीन लोकांना रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, घेऊन जातो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी ६०० चा हिशोब. पूर्ण ६०० बंदुकीत घालू नका. बंदूक २५० ते ३५०, लॉक होणारी स्टीलची पेटी १०० च्या आसपास, कानाचे मफ आणि डोळ्यांचे चष्मे, आणि उरलेले सगळे काडतुसं आणि एका बेसिक क्लाससाठी. जी बंदूक घेऊन दोन वर्षं कपाटात पडली आणि एकदाही चालवली नाही ती काळोखात घाबरलेल्या माणसाच्या हातात त्याच्याच घरच्यांना धोका आहे, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

आता कोणती. माझ्या मते तुमच्या बजेटमध्ये खरे दोनच पर्याय आहेत. पहिला पंप शॉटगन (प्रत्येक वेळी पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायची), म्हणजे मॉसबर्ग कंपनीचीच स्वस्तातली मॅव्हरिक ८८. साधारण अडीचशेत नवी मिळते, मॉसबर्ग ५०० चे बरेचसे पार्ट तिला बसतात, मोठा फरक म्हणजे सेफ्टीचं बटण ट्रिगरच्या पुढे आहे, ५०० मध्ये ते वर अंगठ्याखाली येतं. दिसायला साधी आहे पण चालते. घ्यायची असेल तर २० गेज (नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक) बघा, १२ गेजचा धक्का पहिल्यांदा चालवणाऱ्याला इतका बसतो की माणूस परत रेंजवर यायचं टाळतो. बायकोही चालवणार असेल तर मॉसबर्ग ५०० ची बँटम येते, तिचा दस्ता आखूड असतो, ती थोडी महाग पडेल.

दुसरा पर्याय रुगर १०/२२. पॉइंट २२ ची रायफल, १९६४ पासून बाजारात आहे, दहा गोळ्यांचं छोटं गोल मॅगझिन, धक्का जवळजवळ नाहीच. तीनशेच्या आगेमागे. हिचा सगळ्यात मोठा फायदा काडतुसांचा खर्च, पॉइंट २२ ची एक गोळी काही सेंटांना पडते आणि शॉटगनचं बकशॉट (मोठ्या छर्‍यांचं काडतूस) एकेक डॉलरच्या घरात जातं, म्हणजे त्याच पैशात दहापट सराव. घराच्या रक्षणासाठी पॉइंट २२ कमी ताकदीची आहे हे खरं, पण नेम, ट्रिगर, सेफ्टी, बंदूक रिकामी आहे का ते बघायची सवय, हे सगळं हिच्यावर स्वस्तात शिकता येतं. २०२० नंतर सगळीकडे काडतुसांचा तुटवडा पडला होता तेव्हा ज्यांच्याकडे घरात दोन-चार डबे होते त्यांचाच सराव चालू राहिला, त्यामुळे जी काही घ्याल तिची काडतुसं सावकाश थोडी थोडी जमवा.

पिस्तूल पहिल्यांदा नको असं माझं मत. छोटं असतं म्हणून सोपं वाटतं पण नेम धरायला तेच सगळ्यात अवघड, आणि नळी नकळत इकडे तिकडे फिरते. दोनशेच्या आत येणारी हाय-पॉइंट लोक सुचवतील, ती चालते, जड आहे, पण ती घेऊन सरावाला पैसे उरणार असतील तर ते पैसे १०/२२ मध्ये घाला.

जुनी चालते. पॉनशॉपमध्ये (वस्तू तारण घेणारं आणि जुन्या विकणारं दुकान) चांगल्या मिळतात, तिथेही बॅकग्राउंड चेक, म्हणजे तुमच्या नावावर गुन्हे वगैरे आहेत का याची तपासणी, होतोच. जुनी रेमिंग्टन ८७० दिसली तर नळीच्या आत आणि खालच्या ट्यूबवर गंज बघा, स्वस्त मॅट फिनिशवाल्या ह्युस्टनच्या दमटपणात लवकर गंजतात.

आणि शिकार करून जगू हा विचार मनात असेल तर काढून टाका. केटीत संकटाच्या वेळी तुम्ही तांदूळ-डाळीवरच जगणार आहात.

सई_जर्सी

मी नर्स आहे, मुलांच्या विभागात काम केलंय, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते, राग मानू नका.

केटीकर, तुमच्या पोस्टमध्ये बायकोचं मत काय ते कुठेच आलं नाही. आधी दोघांनी बसून बोला, कारण घरात एकाला हवी आणि एकाला नको अशी बंदूक नीट ठेवली जात नाही, ती लपवली जाते, आणि लपवलेली वस्तू ११ वर्षांचा मुलगा शोधून काढतोच. आपल्या आईने डब्यामागे ठेवलेला लाडवाचा डबा आपल्याला सापडायचा की नाही?

अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंमध्ये अर्ध्याहून जास्त आत्महत्या असतात. आपल्या लोकांत ह्याबद्दल कोणी बोलत नाही. घरात कोणी डिप्रेशनमधून जात असेल, नोकरी गेली असेल, टीनएजर असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की त्या काळात बंदूक घरात नकोच, आधीपासून असेल तर काही दिवस घराबाहेर कुठे कायदेशीरपणे ठेवता येईल ते बघा. मदतीसाठी ९८८ हा नंबर आहे, फोन किंवा मेसेज दोन्ही चालतं.

घेतलीच तर: रिकामी, लॉक केलेली, काडतुसं वेगळ्या ठिकाणी लॉक केलेली, किल्ली किंवा कोड मुलांना माहीत नाही. वाढदिवसाची तारीख कोड म्हणून ठेवू नका, मुलं तोच पहिला लावून बघतात. प्रोजेक्ट चाइल्डसेफ या बंदूक-सुरक्षा मोहिमेचे केबल लॉक (बंदुकीला लावायचं तारेचं कुलूप) बऱ्याच पोलीस डिपार्टमेंटकडे फुकट मिळतात. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा आहे.

आणि एक, युरीत किती लोक कार्बन मोनॉक्साइडने गेले आणि हॉस्पिटलात भरती झाले ते आठवा, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून ऊब घेतली, जनरेटर दाराशी लावला. तुमच्याकडे जनरेटर आहे म्हणता, बॅटरीवर चालणारा सीओ अलार्म आहे का? नसेल तर आज आणा, बंदुकीच्या कितीतरी आधी. जनरेटर घरापासून निदान २० फूट लांब आणि धूर खिडक्यांकडे येणार नाही असा.

बे_एरियातला_एक

माझाही हाच विचार चाललाय पण मी कॅलिफोर्नियात, एचवनबी व्हिसावर आहे, आय-४८५ (ग्रीनकार्डचा अर्ज) पेंडिंग. मित्र सिटिझन आहे, तो म्हणतो मी माझ्या नावावर घेतो तू वापर. चालेल का?

रेंजवाला

नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने नीट वाचा.

एचवनबी, एच४, एफवन, एलवन, व्हिजिटर, हे सगळे कायद्याच्या भाषेत नॉनइमिग्रंट. फेडरल कायद्याने त्यांना बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला बंदी आहे, आणि रेंजवर भाड्याने घेऊन चालवणं हेही त्यातच धरतात. अपवाद आहेत, सगळ्यात नेहमीचा म्हणजे राज्याचं चालू असलेलं हंटिंग लायसन्स, पण त्याच्या जोरावर काही करायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला, शंभरदोनशे डॉलर वाचवायला जाऊ नका. आय-४८५ पेंडिंग म्हणजे ग्रीनकार्ड नव्हे.

मित्राने तुझ्यासाठी घेणं ह्याला इथे स्ट्रॉ पर्चेस म्हणतात. २०२२ च्या कायद्याने तो वेगळा फेडरल गुन्हा केलाय, १५ वर्षांपर्यंत शिक्षा. तुझा मित्रही आत जाईल. शिवाय बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर ग्रीनकार्डवाल्यालाही डिपोर्ट करू शकतात, तुझी तर सगळी फाइलच संपेल. थांब, ग्रीनकार्ड येऊ दे. आणि तेव्हाही कॅलिफोर्नियात सेफ्टीची लेखी परीक्षा आणि १० दिवसांचं वेटिंग आहेच.

केटीकर, तुमचे आई-बाबा ह्याच कारणाने महत्त्वाचे. ते व्हिजिटर व्हिसावर, म्हणजे त्यांच्या हातात बंदूक देऊन फोटोसुद्धा काढू नका, रेंजवर नेलंत तर बाहेर बसवा, आणि पेटीची किल्ली किंवा कोड त्यांच्याकडे नको. बाबा म्हणतील बघू तरी, तेव्हा नम्रपणे नाही म्हणा.

तुम्हाला दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म) भरावा लागेल, त्यात ग्रीनकार्डवरचा नंबर विचारतात. ड्रायव्हिंग लायसन्सवर सध्याचा पत्ता हवा, घर बदललं असेल तर आधी तो बदलून घ्या. कधीकधी चेक लगेच क्लिअर होत नाही, 'डिलेड' येतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फॉर्मवर गांजाबद्दलही प्रश्न असतो आणि तुमच्या राज्यात तो कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात तो चालत नाही, असं तिथेच लिहिलेलं आहे. काहीही खोटं लिहू नका.

तळकोकण

मी सध्या ऑस्टिनला, मूळ सिंधुदुर्गातला. आमच्या घरी वडिलांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची सिंगल बॅरल काडतुसाची बंदूक आहे, माकडं आणि रानडुकरं बागेत घुसतात म्हणून. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, मग परत आणायची, परवान्याचं नूतनीकरण, काडतुसांचा हिशोब. त्यामुळे इथे पॉनशॉपमध्ये तासाभरात बंदूक हातात येते हे बघून मला पहिल्यांदा धक्काच बसला होता.

पण पावसाळ्यात लोखंड कसं टिकवायचं ते आमच्या वडिलांकडून शिकावं आणि ह्युस्टनची हवा कोकणापेक्षा वेगळी नाही. कपड्याच्या किंवा फोमच्या कव्हरमध्ये कायमची ठेवायची नाही, ते ओल धरतं. हाताचा घाम लागला की पुसायची, वरून तेलाचा अगदी पातळ हात, नळी आतून स्वच्छ. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि मधूनमधून बदला. काडतुसं रबरी गॅस्केटवाल्या पत्र्याच्या डब्यात, वरच्या मजल्यावर, अ‍ॅटिकमध्ये अजिबात नको, तिथे उन्हाळ्यात भट्टी होते.

आता महत्त्वाचं. रेंजवर नेलेली बॅग भारतात जाताना वापरू नका. कधीच. तळाच्या शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस मुंबई किंवा दिल्ली विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. माहीत नव्हतं हे कोर्टात पटवता येतं, अशा केसेस रद्दही झाल्यात, पण तोपर्यंत पासपोर्ट, वकील, सुट्टी, सगळंच अडकून पडतं. रिकाम्या पुंगळ्यासुद्धा पोरं खिशात घालून आणतात, त्या आधी काढा. रेंजसाठी एक वेगळी, भडक रंगाची बॅग ठेवा जी विमानात जाणारच नाही.

केटीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः सईताई. सीओ अलार्म नव्हता, काल आणून लावला. बायकोशी बसून बोललो, तिचं म्हणणं पडलं की आधी क्लास दोघांनी करायचा आणि त्यानंतरही तिला नको वाटली तर घ्यायची नाही, आणि मला ते पटलं. घेतली तर १०/२२ आणि स्टीलची पेटी, शॉटगनचं पुढच्या वर्षी बघू. आई-बाबांसमोर विषयच काढणार नाही.

एक शंका राहिली. वादळात घर सोडून निघायची वेळ आली तर ती बरोबर न्यायची की घरात ठेवायची?

रेंजवाला

बंद घरात सोडून गेलात तर चोरीची भीती आणि पाणी शिरलं तर गंज, म्हणून शक्यतो बरोबर. रिकामी, लॉक केलेल्या केसमध्ये, ट्रंकमध्ये, काडतुसं वेगळी. पण कुठे जाताय ते आधी ठरवा, रेड क्रॉसच्या शेल्टरमध्ये शस्त्र आत नेऊ देत नाहीत आणि पार्किंगमध्ये गाडीत सोडणं म्हणजे चोराला आमंत्रण. त्यामुळे सॅन अँटोनिओ, ऑस्टिन अशा ठिकाणी नातेवाईक किंवा हॉटेल आधीच पक्कं असेल तरच न्या, आणि ज्यांच्याकडे जाताय त्यांना फोनवर आधी सांगा, त्यांच्याकडेही लहान मुलं असतील आणि तेही व्हिसावर असू शकतात. नाहीतर घरात वरच्या मजल्यावर, भिंतीला किंवा जमिनीला बोल्ट केलेल्या पेटीत. हलकी पेटी चोर तशीच उचलून नेतात, त्यामुळे घेतल्या दिवशीच बोल्ट करा. सीरियल नंबरचा आणि पावतीचा फोटो ईमेलला टाकून ठेवा, चोरीला गेली तर पोलीस पहिल्यांदा तोच मागतात.

क्लासला दोघं जाणार असाल तर मुलांना कोणाकडे ठेवायचं ते आधी बघा, बहुतेक क्लास शनिवारी सकाळी असतात आणि चार-पाच तास चालतात.