मदत हवी आहे: मुलाच्या हृदयाची नळी चुकीच्या जागेवरून निघालीय म्हणे, सीटी अँजिओ करावी का?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. डॉक्टरकीतलं काही कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थोरला १४ वर्षांचा, शाळेच्या टीममध्ये राईट विंगला खेळतो. आमच्या पेठेत पोरगं चालायला लागलं की पायात बॉल येतोच, त्यामुळे त्यात विशेष काही नाही. गेल्या महिन्यात गांधी मैदानात प्रॅक्टिसला बॉलमागे पळता पळता तोंडावर पडला. ठेच लागून नाही. ठेच लागली की माणूस आपोआप हात पुढे टाकतो. याचे हात पुढे आलेच नाहीत. अर्ध्या मिनिटात उठला आणि मलाच विचारायला लागला, "पप्पा, काय झालं?"

पहिल्या दवाखान्यात ईसीजी नॉर्मल, टीएमटी (पट्ट्यावर पळवून काढतात तो ईसीजी) नॉर्मल. ऊन लागलं असेल, लिंबूपाणी द्या, खेळू दे म्हणाले. वडिलांनी तर अशक्तपणा आहे म्हणून रोज संध्याकाळी गंगावेशीत नेऊन धारोष्ण दूध पाजायला सुरुवात केली. पण माझ्या डोळ्यांसमोरून ते हात जाईनात. शेवटी लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर गाठले. त्यांनी एकाच जागी प्रोब धरून टूडी एकोला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला, बराच वेळ घेतला, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. रिपोर्ट मराठीत सांगायचा तर असा: उजवी कोरोनरी (हृदयालाच रक्त पुरवणारी नळी) नेहमीच्या जागेवरून निघताना दिसत नाही, डाव्या कोरोनरीच्या बाजूने निघून महाधमनी आणि फुप्फुसाकडे जाणारी धमनी यांच्या मधून जात असावी. सीटी कोरोनरी अँजिओ करून खात्री करा. जन्मजात आहे, तोवर खेळ बंद.

आता, टीएमटीवर पोरगं नीट पळालं, मग हे कसं? मेव्हणा म्हणतो सीटीच्या भानगडीत न पडता सरळ हातातून अँजिओग्राफी करा. बायकोला रेडिएशनची भीती वाटते. आणि एकदाच काय ते नीट व्हावं, म्हणून स्कॅनच्या आधी काय सांगायचं, काय विचारायचं?

प्रतिसाद – एक्सरेवाला

दादा, खेळ पूर्ण बंद म्हणजे पीटीचा तासही बंद. रेडिओलॉजीत आहे म्हणून लिहितो, बाकी निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

या दोषात टीएमटी नॉर्मल आली म्हणून सुटलो असं धरत नाहीत. याच दोषाने अचानक गेलेल्या २७ तरुण खेळाडूंचा अभ्यास २००० साली छापून आला होता. त्यातल्या ज्यांचा ईसीजी आधी काढलेला होता, त्या ९ पैकी ९ जणांचा नॉर्मल होता. स्ट्रेस टेस्ट, म्हणजे टीएमटीसारखी तपासणी, झालेल्या ६ पैकी ६ जणांचीही नॉर्मल. २७ पैकी २३ जणांत डावी नळी उजवीकडून निघालेली होती, फक्त ४ जणांत तुमच्या मुलासारखी उजवी डावीकडून. म्हणजे तुमचा प्रकार तुलनेने कमी धोक्याचा. पण पळताना शुद्ध गेलीय, त्यामुळे हलक्यात घेऊ नका.

हातातून केलेली अँजिओग्राफी नळीची आतली पोकळी दाखवते. ब्लॉकेज शोधायला उत्तम. पण नळी मोठ्या धमनीच्या पुढून गेली, मागून गेली की मधून, हे त्या सपाट चित्रावरून सांगणं अवघड. सगळा प्रश्न तिथेच आहे, कारण पुढून किंवा मागून गेलेली नळी बहुतेकदा निरुपद्रवी असते. एमआरआयला किरण लागत नाहीत, उगमही दिसतो, पण बारकावे सीटीत जास्त स्पष्ट येतात. सीटीत मुलांना वजनाप्रमाणे डोस कमी करतात आणि ठोक्याच्या ठरावीक क्षणीच किरण सोडतात. कॅल्शियम स्कोअर (नळ्यांत साठलेलं कॅल्शियम मोजणारा वेगळा स्कॅन) नको म्हणून आधीच सांगा. १४ वर्षांच्या पोराला त्याचा उपयोग शून्य, फुकटचा एक स्कॅन वाढतो.

रिपोर्टमध्ये नुसतं ‘ब्लॉकेज नाही’ एवढंच येऊ देऊ नका. नळी कुठून निघते, तिचं तोंड गोल आहे की फटीसारखं, किती तिरकी निघते, महाधमनीच्या भिंतीच्या आतून काही अंतर जाते का आणि किती, हे सगळं लिहून मागा. धोका नुसता मधून जाण्यात नसतो, त्या फटीत आणि भिंतीतल्या भागात जास्त असतो.

हो, आणि त्याला दमा आहे का? स्कॅनआधी ठोके कमी करायला बीटा ब्लॉकर नावाची गोळी देतात, दमेकऱ्यांना तो त्रास देऊ शकतो.

प्रतिसाद – लेकीची_आई

माझ्या मुलीचं दोन वर्षांपूर्वी हेच झालं. दादा, पोराला आधी सांगून ठेवा की सुईतून औषध गेलं की अंग एकदम गरम होतं. माझी घाबरून हलली आणि परत करावं लागलं. श्वास रोखायची घरी प्रॅक्टिस घ्या.

धागाकर्ता – पुन्हा

सगळ्यांचे आभार. अर्जुनाची साल सुचवणाऱ्या दोघांचेही. पण नळीच चुकीच्या जागेवरून निघालीय, काढा पिऊन ती जागा बदलणार नाही हो.

एक्सरेवाला, मेव्हण्याला मी आमच्या भाषेत सांगितलं. ड्रॉइंगच्या एकाच व्ह्यूवर दोन पाइप एकमेकांवरून गेलेले दिसले, तर वरचा कुठला आणि खालचा कुठला ते कळत नाही, सेक्शन काढावाच लागतो. मग गप्प बसला. आणि दम्याचं बरं विचारलंत. लहानपणी दोन वर्षं पंप होता, आम्ही विसरूनच गेलो होतो. तिथे सांगितल्यावर त्यांनी गोळी बदलली.

काल सीटी झाली. किडनीसाठीचं क्रिएटिनिन आधीच तपासलं होतं. स्क्रीनवर ठोके ६२ वर आल्यावर आत घेतलं, प्रत्यक्ष स्कॅन काही सेकंदांत संपला. बाहेर येऊन हळूच म्हणतो, "पप्पा, चड्डीतच झाली असं वाटलं." बरेच दिवसांनी हसलो.

रिपोर्ट एकोसारखाच, फक्त आता शंका उरली नाही. उजवी नळी डाव्या बाजूने निघते, दोन धमन्यांच्या मधून जाते, तोंड फटीसारखं, आणि सुरुवातीचे ७ मिलिमीटर महाधमनीच्या भिंतीतून. डॉक्टर म्हणाले, चक्कर पळतानाच आली असल्याने ऑपरेशनचा विचार करावा लागेल. भिंतीतला भाग आतून उघडून तोंड मोठं करतात, बायपास नको. त्याआधी मुंबईच्या सर्जनचं मत घ्यायचं ठरलंय.

त्यावर एकच प्रश्न उरलाय. तिकडे फिल्म चालतात की सीडीच लागते? सेंटरने फिल्मवर मोजकीच चित्रं दिली, सीडी मागितल्यावर मिळाली.

प्रतिसाद – एक्सरेवाला

सीडीच न्या. सर्जन स्वतः चित्र फिरवून बघतात. आणि एक कॉपी पेन ड्राइव्हवरही घ्या, बऱ्याच लॅपटॉपला आता सीडीची खाचच नसते.

धागाकर्ता

घेतली. रविवारी रात्रीच्या महालक्ष्मीने निघतोय. पोरानं बॅगेत बॉल भरला होता, तो मी काढला नाही.